पूलचं पाणी: आधी मोजा, मग ओता

पूल सांभाळायचं काम नव्याने हाती आलं की पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडतो. पाण्यावर जराशी हिरवट झाक दिसली तर एक जण म्हणतो क्लोरीन वाढवा, दुसरा म्हणतो शेवाळनाशक टाका, तिसरा सांगतो पाणीच बदला. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर असतो. तुमच्या पाण्याला आज त्यातला कुठला लागू आहे, ते मात्र पाणी मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. हे काम शिकताना ज्या गोष्टी एका जागी, क्रमाने कुठे सापडल्या नाहीत, त्या इथे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. शेवाळाचे बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पानांवरून आणि पोहायच्या कपड्यांवरून रोजच पाण्यात येत असतात. त्यांना येण्यापासून अडवता येत नाही. पाण्यातलं कामाचं क्लोरीन संपलं की ते वाढू लागतात. ऊन असेल आणि पाणी कोमट असेल तर एका दिवसात भिंती बुळबुळीत होतात. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांचा उद्देश दोनच गोष्टींचा आहे: क्लोरीन कधीही शून्यावर येऊ द्यायचं नाही, आणि पाण्यात जे क्लोरीन आहे ते काम करू शकेल अशा अवस्थेत ठेवायचं.

जवळ काय काय हवं

• थेंबांचं टेस्ट किट. त्यात मुक्त क्लोरीन (कामाला मोकळं असलेलं), एकूण क्लोरीन (मुक्त आणि घाणीशी जोडलं गेलेलं मिळून), पीएच, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण), कॅल्शियम हार्डनेस (कॅल्शियममुळे येणारा पाण्याचा जडपणा) आणि सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा ‘स्टॅबिलायझर’) या सगळ्यांची चाचणी असावी. ज्या किटमध्ये पाणी फक्त पिवळं होतं, ते एकूण क्लोरीन दाखवतं आणि त्यातलं मुक्त किती हे सांगत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. कागदी पट्ट्या अधूनमधून नजर टाकायला ठीक आहेत, रसायनांचं माप ठरवायला नाहीत.
• लांब दांड्याचा ब्रश. व्हायनिल लायनर किंवा फायबरग्लास असेल तर नायलॉनचाच. स्टीलच्या तारांचा ब्रश फक्त सिमेंट-प्लास्टरच्या पूलसाठी.
• पानं काढायची जाळी आणि तळ साफ करायचा व्हॅक्यूम.
• वजनकाटा, मापाचा जग, प्लॅस्टिकची बादली.
• डोळ्यांना पूर्ण झाकणारा संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे.
• एक वही. तारीख, आकडे, काय टाकलं, किती टाकलं. महिनाभर नोंदी ठेवल्या की तुमचा पूल रोज किती क्लोरीन खातो हे कळतं, आणि ती माहिती कुठल्याही डब्यावरच्या सूचनेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

रसायनं लागतात ती अशी: क्लोरीन (द्रव सोडियम हायपोक्लोराइट किंवा दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट), पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड, अल्कलिनिटी वाढवायला खाण्याचा सोडा, हार्डनेससाठी कॅल्शियम क्लोराइड आणि पूल उघड्यावर असेल तर सायन्युरिक ॲसिड. शेवाळनाशक या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

डबे उघडण्याआधी

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. पूलच्या रसायनांचे अपघात फक्त पाण्यात होत नाहीत, ती ठेवताना आणि हाताळतानाही होतात.

ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. ते एका बादलीत मिसळायचे नाहीत, एकाच मापाने घ्यायचे नाहीत, एकमेकांवर रचूनही ठेवायचे नाहीत. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट, दोन्हींना आपण ‘क्लोरीन’च म्हणतो. पण ते एकत्र आले, त्यातून थोडा ओलावा मिळाला, तर आग लागते, स्फोटही होतो. गोळ्यांच्या फीडरमध्ये दुसऱ्या प्रकारचं क्लोरीन कधीही भरू नका. प्रत्येक डब्याचं माप वेगळं ठेवा आणि त्यावर नाव लिहा.

विरघळवताना आधी बादलीत पाणी घ्या, मग त्यात रसायन टाका. कोरड्या रसायनावर पाणी ओतू नका. एका वेळी एकच रसायन, पंप चालू असताना, पूलमध्ये कुणी नसताना. ओतताना वाऱ्याकडे तोंड करून उभे राहू नका, नाहीतर वाफा आणि शिंतोडे तोंडावर येतात.

१. पूलमध्ये पाणी किती आहे ते काढा

हा आकडा चुकला की पुढचं प्रत्येक माप चुकतं. आयताकृती पूलसाठी लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला १००० ने गुणायचं. उथळ बाजू १ मीटर आणि खोल बाजू १.८ मीटर असेल आणि उतार सरळ असेल तर सरासरी १.४ मीटर. १० × ५ × १.४ म्हणजे ७० घनमीटर, म्हणजेच ७० हजार लिटर. गोल पूलसाठी व्यास × व्यास × ०.७८५ × खोली. खोली पाण्याच्या पातळीपर्यंत मोजा, भिंतीच्या काठापर्यंत नाही. आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची उदाहरणं याच ७० हजार लिटरच्या पूलची देते, म्हणजे हिशेब पडताळता येईल.

२. नमुना घ्या आणि तपासा

पाण्याचा नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका. हात कोपरापर्यंत आत घालून, बाटली उपडी नेऊन खाली सरळ करा. फिल्टर होऊन पाणी परत येतं त्या तोंडापासून लांबून घ्या. रसायन टाकून थोडाच वेळ झाला असेल तर थांबा.

सहा आकडे लिहा. साधारण असे असावेत:

मुक्त क्लोरीन: स्टॅबिलायझरनुसार ठरतं, पायरी ६ आणि ७ पाहा
संयुक्त क्लोरीन (एकूण वजा मुक्त): ०.४ पीपीएमपेक्षा कमी, जितकं कमी तितकं चांगलं
पीएच: ७.२ ते ७.८
अल्कलिनिटी: ८० ते १२० पीपीएम
कॅल्शियम हार्डनेस: २०० ते ४०० पीपीएम
सायन्युरिक ॲसिड: ३० ते ५० पीपीएम

पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये इतके मिलीग्राम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

चाचणीतल्या दोन फसव्या जागा इथेच सांगते. क्लोरीन फार जास्त असेल तर डीपीडी चाचणीत (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणाऱ्या चाचणीत) गुलाबी रंग क्षणभर येतो आणि उडून जातो. नळी रंगहीन दिसते, आपण ‘शून्य’ लिहितो आणि वर आणखी क्लोरीन ओततो. शंका आली तर नमुन्यात समप्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि येईल त्या आकड्याची दुप्पट करा. दुसरी जागा पीएचची. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की पीएचच्या चाचणीचा रंग जांभळट होतो आणि पीएच आहे त्यापेक्षा जास्त भासतो. अशा वेळी त्या आकड्यावर विसंबून ॲसिड टाकू नका.

थेंबांच्या बाटल्यांवर मुदत लिहिलेली असते. त्या उन्हात किंवा रसायनांच्या खोलीत ठेवल्या तर मुदतीआधीच निकामी होतात.

३. आधी अल्कलिनिटी

क्रमाला इथे महत्त्व आहे. पीएच ज्या खुंटीला बांधलेला असतो ती खुंटी म्हणजे अल्कलिनिटी. ती कमी असेल तर थोड्याशा ॲसिडने किंवा एका पावसाने पीएच गडगडतो. ती फार जास्त असेल तर तुम्ही कितीही वेळा ॲसिड टाका, पीएच दोन दिवसांत पुन्हा वर चढलेला दिसेल.

वाढवायची असेल तर खाण्याचा सोडा. १००० लिटरला साधारण १७ ग्रॅम टाकला की अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढते. आपल्या ७० हजार लिटरच्या पूलमध्ये ६० वरून ८० वर जायचं असेल तर साधारण २.४ किलो. एवढा एकदम न टाकता दोन हप्त्यांत टाका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. ‘पीएच वाढवा’ म्हणून मिळणारी पूड बहुधा धुण्याचा सोडा असते. ती पीएच झपाट्याने वर नेते, म्हणून अल्कलिनिटीसाठी ती वापरू नका.

उतरवायची असेल तर धीर लागतो. ॲसिड टाकून पीएच ७.२ पर्यंत आणायचा आणि मग पाण्यात हवा मिसळायची: कारंजं चालू ठेवा, पाणी परत येणारी तोंडं वरच्या दिशेला वळवून पृष्ठभाग खळबळता ठेवा. त्यामुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप वर येतो. अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. आकडा जागेवर येईपर्यंत हे चक्र पुन्हा पुन्हा करायचं. ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड १००० लिटरला २० मिली लागलं की अल्कलिनिटी साधारण १० पीपीएमने उतरते.

४. मग पीएच

पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं. एक रूप जंतू आणि शेवाळ झपाट्याने मारतं, दुसरं त्याच्या तुलनेत फारच मंद असतं. कुठलं किती, हे पीएच ठरवतो. साध्या पाण्यात पीएच ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन झपाट्याच्या रूपात असतं, ७.५ ला निम्मं, आणि ८ ला जेमतेम एक चतुर्थांश. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक काहीसा सौम्य होतो. तरीही ८ च्या वर पीएच असलेल्या पाण्यात क्लोरीन ओतत राहणं म्हणजे बराचसा माल वाया घालवणं आहे. शिवाय चढ्या पीएचला पाणी गढुळतं आणि फरशीवर, हीटरमध्ये चुन्याचा थर बसतो. ७ च्या खाली गेलात तर धातूचे भाग झिजतात आणि डोळे चुरचुरतात. मी ७.४ ते ७.६ धरून चालते.

पीएच उतरवायला १० हजार लिटरला ५० मिली ॲसिडपासून सुरुवात करा. पाणी परत येणाऱ्या तोंडापाशी, बारीक धारेने, हळू ओता. तासाभराने मोजून मग पुढचं ठरवा. अल्कलिनिटी प्रत्येक पूलची वेगळी असल्याने इथे सरसकट माप लागू होत नाही. चढवायचा असेल आणि अल्कलिनिटी ठीक असेल तर हवा मिसळणं हाच सर्वांत सोपा उपाय. घाई असेल तर धुण्याचा सोडा, १० हजार लिटरला ५० ग्रॅमपासून पुढे.

मिठाच्या यंत्राचा पूल असेल तर पीएच सतत वर सरकतो, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी पाहा. मिठाचा पूल म्हणजे क्लोरीन नसलेला पूल, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं, आणि या लेखातला प्रत्येक आकडा त्यालाही लागू आहे.

५. हार्डनेस

कॅल्शियम फार कमी असलेलं पाणी ते प्लास्टरमधून आणि टाइलच्या सांध्यांतून ओढून घेतं, फार जास्त असेल तर थर बसतो. १००० लिटरला ११ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइडने साधारण १० पीपीएम वाढते. हे पाण्यात टाकताच बादली चांगलीच तापते, सांभाळून. उतरवायची झाली तर काही पाणी काढून कमी हार्डनेसचं पाणी भरणं एवढाच व्यवहार्य मार्ग आहे. लायनरच्या पूलमध्ये कमी हार्डनेसची फारशी चिंता नसते.

६. स्टॅबिलायझर: जिथे बहुतेक पूल बिघडतात

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

उघड्यावरच्या पूलमध्ये दुपारच्या कडक उन्हात, स्टॅबिलायझर नसेल तर तासाभरात साधारण निम्मं क्लोरीन उडून जातं. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. म्हणून ३० ते ५० पीपीएम हवं. छताखालच्या पूलला त्याची गरज नाही.

पण धरून ठेवलेलं क्लोरीन त्या क्षणी कामाचं नसतं. सायन्युरिक ॲसिड जितकं जास्त, तितकं शेवाळ रोखायला क्लोरीनही जास्त लागतं. अनुभवी लोक वापरतात तो ठोकताळा असा: मुक्त क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या ७.५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. ४० असेल तर किमान ३ पीपीएम. १०० असेल तर ७.५ पीपीएम. म्हणजे सायन्युरिक ॲसिड १०० झालेल्या पूलमध्ये तुम्ही २ पीपीएम क्लोरीन राखून ‘सगळं बरोबर आहे’ म्हणत असाल, तरी पाणी हिरवं होणार. क्लोरीन आहे, पीएच ठीक आहे, तरी शेवाळ का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

आता ते १०० होतं कसं? गोळ्यांमुळे. ट्रायक्लोरच्या गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिडही पाण्यात येतं. डायक्लोरच्या पुडीतून १० ला ९. पूल रोज २ पीपीएम क्लोरीन खात असेल तर महिन्याचे ६० होतात, आणि गोळ्यांमधून ते दिलं तर महिन्याला ३६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड साठतं. तीन महिन्यांत शंभरी पार. क्लोरीन खर्च होतं, पण हे मागे राहतं. बाष्पीभवनाने ते जात नाही, फिल्टर ते काढत नाही. पहिले दोन महिने पाणी सुंदर असतं आणि तिसऱ्या महिन्यात, नेमकं काहीही न बदलता, हिरवं होऊ लागतं. मग गोळ्या वाढवल्या जातात आणि गाठ आणखी आवळते.

गोळ्या वाईट नाहीत. सुट्टीवर जाताना फीडरमध्ये घालून ठेवायला त्या सोयीच्या आहेत. रोजच्या वापराला मात्र द्रव क्लोरीनच घ्या, असं मी ठामपणे सांगेन, कारण त्यातून सायन्युरिक ॲसिडही वाढत नाही आणि कॅल्शियमही नाही. कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरलं तर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ७ पीपीएम हार्डनेस वाढते. तुमचं पाणी मुळात जड नसेल तर तेही चालतं.

सायन्युरिक ॲसिड नव्याने घालायचं असेल तर १००० लिटरला १० ग्रॅमने १० पीपीएम होतं. ते फार हळू विरघळतं. जुन्या मोज्यात भरून पाणी परत येणाऱ्या तोंडासमोर टांगा आणि अधूनमधून दाबत राहा. चाचणीत पूर्ण आकडा दिसायला आठवडा लागू शकतो, म्हणून दोन दिवसांनी ‘कमी दिसतंय’ म्हणून पुन्हा टाकू नका. ही चाचणी नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होण्यावर अवलंबून असते. ती घराबाहेरच्या उजेडात, पाठीवर ऊन घेऊन, नळी सावलीत धरून करा.

जास्त झालं असेल तर पाणी बदलणं हाच खात्रीचा उपाय. १०० वरून ५० वर यायला निम्मं पाणी बदलावं लागतं. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका. जमिनीखालच्या पाण्याच्या दाबाने रिकामा पूल वर उचलला जाऊ शकतो, त्याला तडे जातात. लायनर असेल तर तो आकसतो. एका वेळी थोडं थोडं काढत, भरत जा.

७. आता क्लोरीन

वरचे चार आकडे जागेवर आले की हे काम सोपं होतं. १००० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला १ ग्रॅम क्लोरीन लागतं. ते १० टक्क्यांच्या द्रवातून १० मिलीत मिळतं, ६५ टक्क्यांच्या दाणेदार मालातून दीड ग्रॅममध्ये. आपल्या ७० हजार लिटरच्या पूलला २ पीपीएम द्यायचं तर साधारण १.४ लिटर द्रव. द्रव क्लोरीन ठेवून ठेवून कमजोर होतं, उष्णतेत फारच लवकर. म्हणून थोडं थोडं आणि ताजं घ्या.

टाकायची वेळ संध्याकाळची. रात्रभर ऊन नसतं, पाणी फिरतं आणि सकाळपर्यंत ते पूर्ण मिसळतं.

पूलला ‘क्लोरीनचा उग्र वास’ येतो, डोळे झोंबतात, तेव्हा क्लोरीन जास्त झालं असा सगळ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तो वास घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जोडल्या गेलेल्या, म्हणजे संयुक्त क्लोरीनचा असतो, आणि त्याचा अर्थ बहुधा मोकळं क्लोरीन अपुरं पडतंय असा होतो. अशा वेळी क्लोरीन थांबवलं तर परिस्थिती चिघळते. उपाय उलटा आहे: क्लोरीन वाढवा, पाणी उघडं आणि हवेशीर ठेवा आणि उतरण्याआधी प्रत्येकाला अंघोळीची सवय लावा.

सार्वजनिक पूल असेल तर क्लोरीनची किमान आणि कमाल मर्यादा तिथल्या आरोग्य नियमांत ठरलेली असते. ती या ठोकताळ्यांच्या वर.

८. पाणी फिरतं ठेवा, भिंती घासा

पंपाने दिवसातून किमान एकदा पूलभर पाणी फिल्टरमधून काढलं पाहिजे. घरगुती पूलला त्यासाठी साधारण ८ तास धरतात. यातले काही तास दिवसा असू द्या.

वाळूचा फिल्टर स्वच्छ असताना गेज किती दाब दाखवतं ते लिहून ठेवा. त्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने (पीएसआय हे गेजवरचं दाबाचं एकक) वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुऊन काढा. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायलाच हवा, नाहीतर आतलं रबरी गॅस्केट खराब होतं. उगाच वरचेवर बॅकवॉश करू नका. थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले पकडते.

शेवाळ सुरू होतं ते कोपऱ्यांत, पायऱ्यांखाली, शिडीच्या मागे, दिव्यांच्या खाचेत, जिथे पाणी साचून राहतं तिथे. आठवड्यातून एकदा ब्रश या जागांवरून फिरला पाहिजे. पाणी स्वच्छ दिसत असलं तरी.

९. तरीही हिरवं झालं तर

आधी खात्री करा की ते शेवाळच आहे. पाणी हिरवं, पण काचेसारखं आरपार, भिंती बुळबुळीत नाहीत, असं असेल तर पाण्यात तांबं असू शकतं. ते तांबेयुक्त शेवाळनाशकातून किंवा झिजलेल्या हीटरमधून येतं. क्लोरीन टाकून ते जात नाही. पाण्यातल्या धातूंची चाचणी करून घ्या.

शेवाळच असेल, पाणी गढूळ असेल, तर पहिला नियम: तळाच्या निचऱ्यावरची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. अशा पाण्यात बुडालेलं माणूस दिसत नाही.

मग या क्रमाने जा. पानं आणि कचरा जाळीने काढा, नाहीतर क्लोरीन त्यातच संपतं. सायन्युरिक ॲसिड मोजा, ८०-१०० च्या वर असेल तर आधी पाणी बदला. पीएच ७.२ वर आणा, हे आत्ताच, कारण क्लोरीन चढवल्यावर पीएचची चाचणी फसवते. मग सूर्य मावळताना क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत न्या. ते ४० असेल तर १६ पीपीएम, म्हणजे ७० हजार लिटरला १० टक्क्यांचं साधारण ११ लिटर द्रव. गोळ्या किंवा डायक्लोर यासाठी वापरू नका.

त्यानंतर ब्रशने प्रत्येक भिंत घासा आणि पंप रात्रंदिवस चालू ठेवा. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि म्हणून त्यांना पंधरवड्याने पुन्हा तेच करावं लागतं. एकदा ओतलेलं क्लोरीन शेवाळ काही तासांत खाऊन टाकतं. दर काही तासांनी मोजून ते पुन्हा त्याच पातळीवर आणत राहायचं. पाणी आधी हिरव्याचं करडं होतं, मग दुधाळ, मग निवळतं. दुधाळ अवस्था म्हणजे मेलेलं शेवाळ, ते आता फिल्टरने काढायचं आहे. गेजकडे लक्ष ठेवा.

कधी थांबायचं? तीन गोष्टी एकत्र जुळल्यावर. पाणी नितळ असावं. संयुक्त क्लोरीन ०.४ पीपीएमच्या आत असावं. आणि सूर्यास्तानंतर एकदा, सूर्योदयाआधी एकदा मोजून पाहिलं तर रात्रीत क्लोरीन १ पीपीएमपेक्षा जास्त घटलेलं नसावं. रात्री ऊन नसतं, म्हणजे घटलं तर ते कुणीतरी खाल्लं. ही तिसरी तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण डोळ्यांना न दिसणारं शेवाळही तिच्यात पकडलं जातं. क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरल्यावरच पोहायला सुरुवात करा.

तुरटीने गाळ तळाशी बसवता येतो. पण तो गाळ व्हॅक्यूमने फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर सोडावा लागतो, नाहीतर वाळू चिकटून बसते. घाई नसेल तर फिल्टरवर सोडून द्या.

सावलीतल्या भिंतीवर पिवळसर, वाळूसारखा थर दिसतो, ब्रश लावताच धुरासारखा पसरतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो, ते पिवळं शेवाळ. ते चिवट असतं. क्लोरीन आणखी वर न्यावं लागतं, आणि ब्रश, जाळी, खेळणी, पोहायचे कपडे सगळं धुऊन घ्यावं लागतं. प्लास्टरवरचे काळे ठिपके त्याहून चिवट. त्यांच्यावर कवच असतं, ते स्टीलच्या ब्रशने फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोहोचत नाही.

शेवाळनाशकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते फोफावलेल्या शेवाळावरचा उपाय नाही. तांब्याचं असेल तर भिंतींवर डाग पडतात, काही स्वस्त प्रकारांनी फेस होतो. क्लोरीनचा हिशेब बरोबर असलेल्या पूलला ते लागत नाही. काही दिवस कुणी लक्ष द्यायला नसणार असेल, तर निघण्याआधी ६० टक्के पॉलिक्वाट प्रकारचं (तांबं नसलेलं, फेस न करणारं) शेवाळनाशक, खबरदारी म्हणून, टाकायला हरकत नाही. फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, काढणाऱ्या औषधांचंही तसंच: क्लोरीनचा हिशेब बरोबर असेल तर ती लागत नाहीत.

आठवड्याचा क्रम

क्लोरीन आणि पीएच दर एक-दोन दिवसांनी. अल्कलिनिटी आठवड्याला. हार्डनेस आणि सायन्युरिक ॲसिड महिन्याला, गोळ्या वापरत असाल तर पंधरा दिवसांनी. ब्रश, जाळी आणि स्किमरची (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) टोपली आठवड्याला, पानगळीत रोज.

मोठा पाऊस झाला, पूलवर गर्दी झाली किंवा उन्हाची लाट आली, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी मोजा. पावसाने अल्कलिनिटी, हार्डनेस आणि सायन्युरिक ॲसिड तिन्ही पातळ होतात, आणि वाहून आलेल्या मातीतून शेवाळाला खत मिळतं. अशा दिवशी क्लोरीन नेहमीपेक्षा १-२ पीपीएम जास्त ठेवून पंप रात्रभर चालवा आणि सकाळी पुन्हा एकदा तपासा.